'४६,एक्सएक्स, नॉर्मल': गुणसूत्रांची तपासणी काय दाखवते आणि काय दाखवत नाही

लागोपाठ दोन-तीन गर्भपात झाले. मुलगी सोळा वर्षांची झाली तरी पाळी आली नाही. नवजात बाळाचा चेहरा पाहून बालरोगतज्ज्ञांना शंका आली. वीर्यतपासणीत एकही शुक्राणू सापडला नाही. तक्रारी अगदी वेगवेगळ्या, पण चारही ठिकाणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एकच शब्द येऊ शकतो: कॅरिओटाइपिंग, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी. रक्त दिलं जातं, दोन-तीन आठवडे वाट पाहिली जाते आणि मग रिपोर्टमध्ये एका ओळीचा निकाल येतो: '४६,एक्सएक्स' किंवा '४६,एक्सवाय'. शेजारी 'नॉर्मल' असं लिहिलेलं असतं. घरातले सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि म्हणतात, "चला, जेनेटिक काही नाही."

रिपोर्टने असं काही म्हटलेलं नसतं. त्याने फार मर्यादित प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं: गुणसूत्रांची संख्या बरोबर आहे का, आणि सूक्ष्मदर्शकातून दिसेल इतकी मोठी मोडतोड कुठे झाली आहे का. या प्रश्नापुरती ही तपासणी अजूनही अतिशय कामाची आहे. त्याबाहेरच्या प्रश्नांना तिच्याकडे उत्तर नाही.

आधी गुणसूत्रं म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्या एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ केला तर साधारण दोन मीटर लांब भरतो. तो एकसंध नसतो, ४६ तुकड्यांत असतो. हेच तुकडे म्हणजे गुणसूत्रं. त्यातली २३ आईकडून येतात, २३ वडिलांकडून. बावीस जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्या असतात, तेविसावी जोडी लिंग ठरवते: बाईत एक्स-एक्स, पुरुषात एक्स-वाय. एरवी हा सगळा गुंता पेशीच्या केंद्रकात विस्कटलेला असतो आणि वेगळा ओळखू येत नाही. पेशी दुभंगायच्या बेतात असते तेव्हाच गुणसूत्रं आखडून जाड होतात आणि एकेक करून पाहता येतात. संपूर्ण तपासणी या थोड्या वेळाच्या संधीवर उभी आहे.

संधी छोटी असल्यामुळेच माणसाची गुणसूत्रं मोजायला विज्ञानाला इतका वेळ लागला. १९२०च्या दशकापासून पाठ्यपुस्तकांत ४८ हा आकडा होता आणि पुढच्या संशोधकांनाही तो मोजताना ४८च दिसत राहिला. छापलेल्या आकड्याचा दरारा असा असतो! १९५६ साली स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी गुणसूत्रं नीट पसरवायची पद्धत वापरून मोजली तेव्हा ती ४६ निघाली. लगेच तीन वर्षांनी, १९५९मध्ये, पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्त गोतिए आणि रेमों त्युर्पँ यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत एक गुणसूत्र जास्त असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ब्रिटनमधून टर्नर आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोमची गुणसूत्रंही कळली. तोवर या तिन्ही स्थितींची फक्त लक्षणं माहीत होती. कारण पहिल्यांदाच डोळ्यांना दिसलं.

आता प्रयोगशाळेत काय होतं ते पाहू, कारण 'रिपोर्टला इतके दिवस का?' हा प्रश्न सगळेच विचारतात. तांबड्या पेशींत केंद्रकच नसतं, त्यामुळे त्या इथे निरुपयोगी. लागतात त्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट्स. पण त्या रक्तात निवांत फिरत असतात, आपणहून दुभंगत नाहीत. त्यांना जागं करायला एक पदार्थ घालतात, फायटोहिमॅग्लुटिनिन. तो मिळतो राजम्यापासून. हो, तोच जेवणातला राजमा. कच्चा राजमा खाऊन पोट बिघडतं ते याच पदार्थामुळे. आणि तोच पांढऱ्या पेशींना दुभंगायला लावतो.

रक्त पोषक द्रावणात घालून ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ७२ तास ठेवतात. मग कोल्चिसिनच्या जातीचं रसायन घालून विभाजन नेमकं मधल्या टप्प्यावर अडवतात, कारण त्या क्षणी गुणसूत्रं सगळ्यात स्पष्ट दिसतात. पुढे पातळ क्षारद्रावणात पेशी फुगवतात, म्हणजे आतली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात. मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लात त्या पक्क्या करून काचपट्टीवर थेंब टाकतात, ट्रिप्सिनची हलकी प्रक्रिया करतात आणि गिम्सा नावाच्या रंगाने रंगवतात. रंग चढला की प्रत्येक गुणसूत्रावर गडद-फिकट आडवे पट्टे उमटतात. पट्ट्यांची नक्षी प्रत्येक क्रमांकाच्या गुणसूत्राची वेगळी असते आणि तिच्यावरूनच पाचवं कोणतं आणि सातवं कोणतं ते ओळखतात. पूर्वी फोटो काढून कात्रीने कापून गुणसूत्रं कागदावर जोडीने चिकटवत. आता संगणक मांडून देतो, पण शेवटी तज्ज्ञाची नजर लागतेच. साधारणपणे वीस पेशी तपासतात. इतकं सगळं हाताने आणि डोळ्याने होणारं काम चार दिवसांत उरकत नाही.

डाऊन सिंड्रोमकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण 'चेहऱ्यावरून कळतंच, मग तपासणी कशाला?' असं बरेच जण म्हणतात. साधारण ७०० ते ८०० जन्मांमागे एका बाळात ही स्थिती आढळते. शंभरातल्या सुमारे ९५ मुलांत २१ क्रमांकाचं सुटं तिसरं गुणसूत्र असतं. रिपोर्टमध्ये ते '४७,एक्सवाय,+२१' असं दिसतं. आईचं बीजांड किंवा क्वचित वडिलांचा शुक्राणू तयार होताना जोडी नीट सुटली नाही, म्हणून हे घडतं. बाईची बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला सुरुवात होते आणि नंतर अनेक वर्षं अर्धवट विभाजनात थबकलेली असतात. वय वाढेल तशी जोडी न सुटण्याची शक्यता वाढते. पस्तिशीला ही शक्यता साधारण ३५०त एक, चाळिशीला शंभरात एक. तरीही डाऊन सिंड्रोमची बरीच मुलं तरुण आयांनाच होतात, कारण मुळात जास्त बाळंतपणं त्याच वयात होतात. 'माझं वय कमी आहे' म्हणून तपासणी टाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उरलेल्यांत, म्हणजे एकूण शंभरातल्या तीन-चार मुलांत, संख्या ४६च असते, पण २१चा जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला, बरेचदा १४ क्रमांकाच्या गुणसूत्राला, चिकटलेला असतो. मूल दिसायला, वाढायला इतर डाऊन मुलांसारखंच. आईवडिलांसाठी मात्र हा फरक फार मोठा आहे. सुटं गुणसूत्र असेल तर पुढच्या बाळात तीच स्थिती येण्याची शक्यता साधारण शेकडा एक, किंवा आईच्या वयानुसार त्याहून थोडी जास्त. चिकटलेलं असेल, तर आधी आईवडिलांची गुणसूत्रं तपासावी लागतात. आई वाहक निघाली, म्हणजे ती स्वतः निरोगी पण तिच्यात असा जोड आहे, तर पुढच्या प्रत्येक गर्भारपणात शक्यता दहा ते पंधरा टक्क्यांवर जाते. वडील वाहक असतील तर ती बरीच कमी, एक-दोन टक्के. आणि कुणाची दोन्ही २१ क्रमांकाची गुणसूत्रं एकमेकांनाच जोडलेली असतील, अशी उदाहरणं दुर्मिळ असली तरी असतात, तर जन्मणारं प्रत्येक मूल डाऊन सिंड्रोमचंच असेल. मुलाचा कॅरिओटाइप हा असा पुढच्या गर्भारपणासाठीही केलेला असतो. चेहऱ्यावरून यातलं काहीच कळत नाही. राहिलेल्या थोड्या मुलांत काही पेशी ४६च्या आणि काही ४७च्या असतात, त्याला मोझाइक म्हणतात. एका पेशीवर न थांबता वीस पेशी पाहतात त्याचं हेही एक कारण.

गंमत म्हणून सांगतो: गुणसूत्रांना क्रमांक लांबीच्या उतरत्या क्रमाने दिले गेले, पण २१ हे प्रत्यक्षात २२पेक्षा लहान निघालं. तोवर डाऊन सिंड्रोमशी २१ हा आकडा इतका जोडला गेला होता की अदलाबदल कुणी केली नाही. २१वर जनुकं कमी आहेत. लिंग ठरवणारी एक्स आणि वाय सोडली तर १३, १८ आणि २१ या तीनच गुणसूत्रांची जादा प्रत घेऊन बाळं जन्माला येताना एरवी दिसतात, कारण जनुकांच्या हिशेबात ही तिन्ही त्यातल्या त्यात हलकी. १६ क्रमांकाचं तिसरं गुणसूत्र गर्भपातांत सगळ्यात जास्त वेळा सापडतं, पण असा पूर्ण दोष घेऊन मूल जन्मत नाही.

यावरून गर्भपातांकडे वळू. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांत दोष असतो. त्यातले बहुतेक दोष त्या एका वेळेपुरते, योगायोगाने घडलेले असतात. 'जड उचललं', 'पपई खाल्ली', 'स्कूटरवर बसली' या आरोपांना इथे काहीही आधार नाही. पण गर्भपात पुन्हा पुन्हा होत असतील, तर शंभरातल्या दोन ते पाच जोडप्यांत नवरा किंवा बायको यांच्यापैकी एकात समतोल स्थानांतरण सापडतं. त्याचं इंग्रजी नाव रिपोर्टमध्ये 'बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन' असं येतं.

ते समजायला रेल्वेचं यार्ड डोळ्यांपुढे आणा. ४६ गाड्या उभ्या आहेत, प्रत्येक क्रमांकाच्या दोन. कुणीतरी एका तीन नंबरच्या गाडीचे शेवटचे डबे काढून एका अकरा नंबरच्या गाडीला जोडले आणि अकराचे तिला. यार्डातले डबे तेवढेच आहेत, काही हरवलं नाही, काही वाढलं नाही. म्हणून त्या माणसाला कसलाही त्रास नसतो, तब्येत ठणठणीत असते. अडचण येते मूल होताना, कारण तेव्हा प्रत्येक क्रमांकाची एकच गाडी पुढे पाठवायची असते. दोन्ही मूळ गाड्या गेल्या तर मूल अगदी सामान्य. दोन्ही अदलाबदल झालेल्या गेल्या तर मूल त्या पालकासारखंच, निरोगी पण वाहक. मूळ एक आणि बदललेली एक गेली, तर काही डबे जास्त आणि काही कमी. असा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही. टिकलाच तर बाळात व्यंग किंवा बौद्धिक वाढीची अडचण असू शकते.

म्हणून चिठ्ठीवर 'दोघांचंही' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे सुनेचं रक्त लगेच जातं, मुलाचं 'बघू नंतर' होतं. हे बरोबर नाही. बदल कुणाकडेही असू शकतो आणि तो सापडला तर तो दोष कुणाच्या वागण्याचा नसतो. वाहक असलेल्या अनेक जोडप्यांना पुढे निरोगी मूल होतं, कधी साध्या मार्गाने आणि गर्भजलाच्या तपासणीची सोबत घेऊन, कधी आयव्हीएफ करून गर्भ रोपण करण्याआधी तपासून. बदल सापडल्यावर वाहकाच्या भावंडांनाही सांगावं, कारण तोच बदल त्यांच्याकडेही असू शकतो. घराण्याचं नाव जाईल म्हणून हे झाकून ठेवलं की धाकट्या नणंदेला तेच सगळं पुन्हा सोसावं लागतं.

रिपोर्टमध्ये कधीकधी 'इन्व्हर्जन ९' किंवा '२१पीएस+' असं काही लिहून येतं आणि जोडपं रात्रभर इंटरनेट धुंडाळतं. नवव्या गुणसूत्राच्या मधल्या पट्टीतली ही नेहमीची उलटापालट किंवा २१च्या टोकाची वाढलेली लांबी, दोन्ही सामान्य माणसांत आढळणारे निरुपद्रवी फरक आहेत. गर्भपाताचं खापर त्यांच्यावर फोडू नये.

टर्नर आणि क्लाइनफेल्टर यांच्याबद्दल थोडक्यात. टर्नरमध्ये मुलीत दुसरं एक्स गुणसूत्र नसतं किंवा अर्धवट असतं: '४५,एक्स'. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एक. बुद्धी सहसा चांगली असते, उंची मात्र खुंटते आणि पाळी बहुधा आपोआप येत नाही. हे सात-आठ वर्षांच्या वयात कळलं तर वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं देऊन उंची काही प्रमाणात वाढवता येते, हृदय आणि मूत्रपिंडं तपासून ठेवता येतात. सोळाव्या वर्षी पाळीच्या तक्रारीवरून कळलं तर उंचीची संधी बहुतेक गेलेली असते. घरात सगळे उंच आणि एकच मुलगी वर्गात कायम पहिल्या रांगेत उभी राहत असेल तर 'येईल नंतर उंची' म्हणून थांबू नये. क्लाइनफेल्टरमध्ये मुलात एक एक्स जास्त असतो, '४७,एक्सएक्सवाय'. पाचशे ते हजार मुलांमागे एक, म्हणजे फारसा दुर्मिळ नाही. तरी कित्येकांना तो लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळतो, आणि काहींना कधीच नाही.

गुणसूत्रांची तपासणी कॅन्सरमध्येही होते आणि इथे लोकांचा गोंधळ जास्त होतो. १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांत एक विचित्र छोटं गुणसूत्र सापडलं. १९७३मध्ये शिकागोच्या जॅनेट रोली यांनी दाखवलं की ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे ते तयार होतं. या जोडावर जे नवं जनुक बनतं त्याचं प्रथिन पेशींना थांबू देत नाही. त्याच प्रथिनाला अडवणारं इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि एकेकाळी काही वर्षांत जीव घेणारा हा आजार रोजच्या गोळीवर आटोक्यात राहू लागला. पण हा बदल जन्मतः नसतो. तो बोन मॅरोतल्या एका पेशीत नंतर घडतो आणि तिच्या वंशात राहतो. तो मुलांकडे जात नाही. 'बाबांच्या गुणसूत्रात दोष निघाला' हे ऐकून मुलांची लग्नं अडवायचं काहीच कारण नाही.

आता मर्यादा. पट्ट्यांच्या पद्धतीत साधारण पन्नास लाख ते एक कोटी अक्षरांहून लहान बदल दिसत नाही. अक्षरं म्हणजे डीएनएची रासायनिक अक्षरं. विदर्भात, गडचिरोलीपासून, आणि इकडे नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार घ्या. त्यात ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर फक्त एक अक्षर बदललेलं असतं. कॅरिओटाइप केला तर तो '४६, नॉर्मल' येणार. थॅलेसेमियाचंही तेच. त्यांच्यासाठी हिमोग्लोबिनची वेगळी तपासणी असते, ती स्वस्त आहे आणि लग्नाआधी किंवा गर्भारपणाच्या सुरुवातीलाच करायला हवी.

मधल्या आकाराचे बदलही सुटतात. २२ क्रमांकाच्या गुणसूत्रावरचा सुमारे तीस लाख अक्षरांचा तुकडा गळाला की बाळात हृदयदोष, टाळूचा दोष, कॅल्शियम कमी होणं असं होऊ शकतं. साध्या कॅरिओटाइपमध्ये तो बहुतेकदा दिसत नाही. त्यासाठी फिश नावाची चकाकणाऱ्या रंगाची तपासणी किंवा मायक्रोअरे लागतो. मायक्रोअरे कॅरिओटाइपहून कितीतरी बारीक पाहतो, महागही असतो. पण त्याला समतोल स्थानांतरण दिसत नाही, कारण तो फक्त कमी-जास्त मोजतो, जागा पाहत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्याने महागडी तपासणी केली आणि जुनी स्वस्त टाळली, तर नेमकं जे शोधायचं तेच राहून जाईल.

गर्भारपणातल्या तपासण्यांत दोन गट आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. ११ ते १४ आठवड्यांच्या सुमारास होणारी एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जागा मोजणारी), आईच्या रक्ताची डबल मार्कर तपासणी, आणि दहाव्या आठवड्यापासून आईच्या रक्तावर होणारी एनआयपीटी या चाळणीच्या तपासण्या आहेत. त्या फक्त शक्यता सांगतात. एनआयपीटीत पाहिला जाणारा डीएनए मुख्यतः वारेतून येतो, थेट बाळातून नाही, त्यामुळे ती चुकूही शकते. 'हाय रिस्क' आला म्हणून तेवढ्यावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. खात्री होते ती वारेचा तुकडा किंवा पंधरा-सोळा आठवड्यांनंतर गर्भजल काढून केलेल्या गुणसूत्रांच्या तपासणीने. त्यातला गर्भपाताचा धोका अनुभवी हातांत शेकडा एकपेक्षा कमी असतो, पण शून्य नसतो.

गर्भजलाच्या रिपोर्टमध्ये लिंग लिहिलेलं नसतं, याचं कारण आपल्या इतिहासात आहे. हीच तपासणी ऐंशीच्या दशकात मुंबईत मुलगी नको म्हणून सर्रास वापरली गेली. त्याविरुद्ध मोठी मोहीम उभी राहिली आणि १९८८मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा. गर्भाची गुणसूत्रं तपासायला कायद्याने ठरवलेलं कारण आणि गरोदर बाईची लेखी संमती लागते ती त्यामुळे. रोग शोधायला हरकत नाही, लिंग सांगणं गुन्हा. ज्या बाईला खरोखर गर्भजलाची तपासणी हवी असते तिला या कागदपत्रांचा वैताग येतो, पण मला तो रास्त वाटतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. रक्त उपाशीपोटी द्यायची गरज नसते. ते हेपरिनच्या, सहसा हिरव्या झाकणाच्या नळीत घेतात आणि पेशी जिवंत पोचाव्या लागतात, म्हणून नमुना शक्यतो शनिवारी संध्याकाळी देऊन प्रवासात अडकवू नये. अलीकडे रक्त चढवलं असेल तर सांगावं. गर्भपातानंतर ऊतक तपासायला पाठवायचं असेल तर ते निर्जंतुक सलाइनमध्ये द्यायला डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावं. फॉर्मलिनमध्ये टाकलं की पेशी मरतात आणि मग वाढवायला काही उरत नाही. रिपोर्ट आला की 'नॉर्मल' एवढंच न वाचता किती पेशी तपासल्या आणि पट्ट्यांची पातळी काय होती (४५० किंवा ५५० असे आकडे असतात, आकडा मोठा तितकं बारीक दिसतं) ते पाहावं आणि शंका असेल तर जेनेटिक काउन्सेलरकडे जावं. रक्ताच्या कॅन्सरची तपासणी उपचारांदरम्यान पुन्हा पुन्हा करावी लागते. जन्मजात गुणसूत्रं मात्र आयुष्यभर तीच राहतात, त्यामुळे नव्या दवाखान्यात गेल्यावर जुना रिपोर्ट दाखवला तर तपासणी पुन्हा करायची गरज सहसा पडत नाही.